पहिला फेरा रिकामा

माझ्या हाताला गुण आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. गेल्या महिन्यात ते भर सभेत फिरलं.

ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी आयुष्य काढलं, तिथे माझा सत्कार होता. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ, सगळं रीतसर. मॅनेजर पुराणिक माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टरांचा हातगुणच तसा होता. त्या होत्या तोवर आपल्याकडे ऑपरेशननंतर डोळा पिकल्याचं कुणी ऐकलं नाही. आणि आठवतं ना, त्या दसऱ्याला आपण मशीनची जंगी पूजा केली होती? त्या शिबिरातला एकूण एक डोळा उजळला. देवीची कृपा, और क्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मांडीवर नारळ घेऊन बसले होते. तो मी फेकून मारला नाही, एवढेच काय ते माझे संस्कार.

घरी आले तर अर्णवचा टोरांटोहून निरोप आलेला. माझा हा नातू सध्या सवयी लावून घेतोय. त्याच्या मोबाइलमध्ये असं काहीतरी आहे की रोज पाणी प्यायलं, व्यायाम केला की ते टाळ्या वाजवतं, आणि एक दिवस चुकला की रडका चेहरा दाखवतं. त्याने विचारलं होतं, "आजी, तू इतकी वर्षं रोज तेच काम कसं केलंस? मोटिव्हेशन काय होतं?"

एका दिवसात दोनदा टाळ्या ऐकल्या मी, आणि दोन्ही चुकीच्या जागी. म्हणून हे लिहायला बसले. लिहितेय अर्णव आणि त्याची बहीण सई यांच्यासाठी. दिवाळी अंकवाल्यांनी काहीतरी द्याच म्हणून तगादा लावला होता, तेव्हा हेच त्यांनाही दिलं. पुराणिकांच्या घरी हा अंक येतो, हे मला माहीत आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते, कारण तुमच्या आईलाही ते कधी नीट कळलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करतो डॉक्टर. नाव त्याचं, आणि ते बरोबरच आहे. पण डॉक्टरच्या हातात जी कात्री, चिमटा, सुई जाते, तिच्यावर डोळ्याला न दिसणारा जंतूसुद्धा नाही, याची जबाबदारी माझी. ऑपरेशन संपल्याबरोबर हत्यारं गार पाण्यात जायची. रक्त वाळलं की ते बिजागरीत बसतं, आणि तिथून ते काढायला देवही येत नाही. मग साबण, मऊ ब्रश, प्रत्येक कात्री उघडून, प्रत्येक टोक भिंगाखाली बघून. मग ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हा गार केलेलं पाणी, कारण आमच्या बुऱ्हाणपूरचं पाणी इतकं जड की भांड्यावर पांढरा थर चढतो, तो हत्यारावरही चढणार. मग कोरडी करणं, दुहेरी कापडात बांधणं, डब्यात भरणं, आणि तो डबा वाफेच्या मशीनमध्ये.

हे मशीन म्हणजे मोठा कुकर समजा. फरक एवढाच की आधी ते आतली हवा ओढून बाहेर टाकतं आणि मग वाफ सोडतं. हवा राहिली की वाफ तिथे पोचत नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणजे मधल्या डब्यातली डाळ शिजलीच असं नसतं, हे कुठल्याही बाईला माहीत आहे. मशीनचंही तसंच. बाहेरचे काटे बरोबर असतात, आणि डब्याच्या पोटात मात्र जंतू मजेत बसलेले असतात.

म्हणून रोज सकाळी पहिला फेरा रिकामा. मशीनमध्ये हत्यारं ठेवायचीच नाहीत. फक्त घड्या घातलेल्या कापडाचं एक घट्ट पुडकं ठेवायचं आणि त्याच्या मधोमध चाचणीचा कागद. फेरा झाला की पुडकं उलगडून बघायचं. कागद कडेपासून मध्यापर्यंत सारखा काळा झाला असेल तर वाफ सगळीकडे पोचली. मध्ये फिकट डाग राहिला असेल तर हवा अडकली, मशीन बंद, ऑपरेशन बंद.

तो कागद जवळजवळ नेहमी काळाच येतो. हीच खरी गंमत आणि हाच खरा त्रास. रोज आंघोळ करून, केस बांधून, इतरांच्या आधी येऊन मी जे बघत होते, ते बघण्यासारखं काही नसायचं. थिएटरमध्ये काम करणारी सुशीला माझ्यासारखीच कडक, पण तिची जीभ जास्त तिखट. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "जरा थांबा, सिस्टर हवा शिजवून राहिल्या. हवा शिजली की वाढतील."

पुढे सगळा दवाखाना मला हवा शिजवणारी म्हणायला लागला. पुराणिक नवीन आले तेव्हा त्यांनी वीजही मोजून दाखवली. "रिकामा फेरा म्हणजे शुद्ध वेस्टेज, सिस्टर. आठवड्यातून एकदा करा ना."

मी म्हणाले, "तुम्ही दात आठवड्यातून एकदा घासता का?"

त्यांनी विषय बदलला. पण मला कळलं की ह्या माणसाचं समाधान झालेलं नाही, फक्त तोंड बंद झालंय.

आता अर्णवचं ते मोटिव्हेशन. मी नर्सिंग शिकून नवीन होते तेव्हा दूरच्या एका शहरात नोकरीला होते. तिथे एका सकाळी वॉर्डात गेले तर आदल्या दिवशी ऑपरेशन झालेले सगळे कण्हत होते. पट्ट्या काढल्या तर डोळे लाल, सुजलेले, पू आलेला. एक शाळामास्तर होते, टापटिपीचे, दवाखान्याच्या कपड्यातही भांग पाडलेला. ते खिडकीकडे तोंड करून मला म्हणाले, "बाई, उजाडलं की सांगा." तेव्हा खिडकीतून ऊन त्यांच्या मांडीवर आलेलं होतं.

चौकशी झाली. कुणाची मोठी चूक निघाली नाही. कुणी दारू प्यायलेलं नव्हतं, कुणी चोरी केली नव्हती. रोज करायची एक साधी गोष्ट काही दिवस केलेली नव्हती, कारण ती केली नाही तरी काही बिघडत नव्हतं. एवढंच. मला अजूनही त्या 'एवढंच'चा राग येतो. वाईट माणसाचा राग धरता येतो. कंटाळलेल्या भल्या माणसांचा राग कुणावर काढायचा? मी तो रोज सकाळी मशीनवर काढला. माझं मोटिव्हेशन म्हणशील तर अर्णव, हे होतं. आणि ते टाळ्या वाजवत नाही.

आता त्या जंगी पूजेची गोष्ट.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारागीर आपापल्या हत्यारांची पूजा करतात. आमच्याकडे यंत्रमागवाले मागाला हार घालतात, गॅरेजवाले पान्यांना कुंकू लावतात, तसे आम्हीही करायचो. पूजेला माझा विरोध कधीच नव्हता. पण हळद-कुंकवाची पूड आणि डोळ्याच्या आत जाणारी हत्यारं एका खोलीत आणायची नाहीत, हा माझा नियम. म्हणून मी मोडकी कात्री, बोथट चिमटे असा एक निकामी संच पूजेसाठी वेगळा ठेवला होता. तो पाटावर मांडायचा, बाहेर व्हरांड्यात. मशीनला झेंडूचा हार, तोही बंद दाराच्या बाहेरून.

सुशीलाने पहिल्या वर्षी विचारलं होतं, "देवीला मोडकं चालते का वो सिस्टर?"

"देवीला काय मोतीबिंदू काढायचाय?"

हे वर्षानुवर्षं सुरळीत चाललं. त्या वर्षी मात्र खंडेनवमीला मी नव्हते. मुलांनो, तुम्हाला पोचवायला मुंबईच्या विमानतळावर आले होते. अर्णवचे पुढचे दात पडलेले, सई कडेवर. तुमची आई रडत होती आणि मी तिला सांगत होते की पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव. तुम्ही काचेपलीकडे गेलात. त्यानंतर तुम्हाला जवळ घ्यायला मला फार वर्षं लागली. पण त्या दिवशी मी रडले नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिबिर होतं, आणि मला सकाळी हजर व्हायचं होतं.

स्टेशनवरून थेट दवाखान्यात गेले. अंगणात मांडव, खुर्च्या, बॅनर. कुणी बडे पाहुणे उद्घाटनाला येणार होते. मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं आणि कापराचा वास आला.

खोलीत. जिथे मी सुशीलाला केसात गजरा घालून येऊ देत नव्हते, तिथे झेंडूच्या पाकळ्या, उदबत्तीची राख, आणि मशीनच्या उघड्या दाराच्या आतल्या बाजूला, कडेच्या गोल रबरापर्यंत, तुपात कालवलेल्या कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक.

"कुणी केलं हे?"

सुशीला भिंतीकडे बघत म्हणाली, "पुराणिक साहेब बोलले, दरसाल बाहेरून हात जोडता, या वेळी मशीनचं पोट उघडून ओटी भरू. फोटो बी काढले. मी नको बोलले होते सिस्टर. ते बोलले, तुमची सिस्टर काय देवीपेक्षा मोठी आहे का."

मी फडकं घेतलं. दार पुसलं, रबर पुसलं, फरशी धुवायला लावली आणि पहिला फेरा लावला. रिकामा. पुडकं उलगडलं. कागदाच्या मधोमध फिकट डाग होता.

पुन्हा सगळं पुसून पुन्हा फेरा लावला. पुन्हा डाग.

बाहेर वॉर्डात डोळ्यांत थेंब घातलेले पेशंट ओळीने बसलेले. सगळ्यांत पुढे डोईफोडिया गावच्या शांताबाई. त्यांचा एक डोळा लहानपणीच तुरीच्या खुंटाने गेलेला, आणि उरलेल्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. घरात भिंत चाचपत आणि बाहेर शेळीच्या गळ्यातली दोरी धरून चालायच्या; शेळी नेईल तिकडे बाई. आदल्या तपासणीत त्यांना मी विचारलं होतं की डोळा आल्यावर पहिलं काय बघणार. मला वाटलं होतं नातू म्हणतील, देव म्हणतील. त्या म्हणाल्या, "सुनेनं केलेली भाकर पाहीन. मले वाटते ते मले पातळ देते न् नवऱ्याले जाड. चार वर्षं झाले, इचार करकरून जीव गेला."

शांताबाईंना पहिला नंबर पुराणिकांनी दिला होता, कारण एकाच डोळ्याची म्हातारी म्हणजे पेपरात फोटो नक्की. म्हणजे ज्या बाईजवळ गमवायला दुसरा डोळाच नाही, तिला ह्यांनी सगळ्यांत पुढे बसवलं होतं.

पुराणिक आत आले. झब्बा, कपाळाला टिळा. "सिस्टर, पाहुणे निघालेत. चला, पहिली केस घ्या."

"मशीन पास झालेलं नाही. आज हत्यारं मिळणार नाहीत."

"काटे बघा ना. दाब बरोबर, तापमान बरोबर. मशीन बोल रही है सब ओके, आणि तुम्ही बोलता नाही?"

मी कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी डाग बघितला आणि खरोखर म्हणाले, "इतकासा तर आहे."

माझा आवाज चढला. माझा आवाज सहसा चढत नाही, मी शब्द हळू बोलून माणसाला घाबरवते. त्या दिवशी चढला. "इतकासा म्हणजे केवढा, पुराणिक? बुबुळाएवढा ना?"

इंदूरहून आलेले डॉक्टर बडगुजर हात धुऊन तयार होते. चांगला हात होता त्यांचा, पण संध्याकाळची गाडी पकडायची होती. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, डब्यावर बाहेरून लावतो ती पट्टी वाफेने काळी होईल ना? मग चालेल. आजवर इथे कधी काही झालंय का?"

"नाही झालं. का नाही झालं असं वाटतं तुम्हाला?"

ते धुतलेले हात तसेच वर धरून उभे राहिले. पुराणिक उभे राहणाऱ्यांतले नव्हते. ते वॉर्डाच्या दारात जाऊन मोठ्याने म्हणाले, "मंडळी, थोडा उशीर आहे. आमच्या सिस्टरना मशीन आवडलं नाही." लोक कुजबुजायला लागले. लांबून आलेले, घरची कामं टाकून आलेले. एकाचा मुलगा म्हणाला, "नौकरी सरकारी नसून इतके नखरे." शांताबाई घाबरल्या. त्यांनी माझा पदर धरला आणि म्हणाल्या, "वापस नको पाठवू वं माय. लेक पुन्यांदा आणणार न्हई मले."

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "परत पाठवत नाही. पण कच्च्या हत्याराने तुमच्या डोळ्याला हात लावू देणार नाही. कच्ची भाकरी वाढता का तुम्ही?"

त्यांनी माझा पदर सोडला. मग ज्याने नखरे म्हटलं होतं त्याच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तुले घाई हाय त तू जाऊन झोप टेबलावर. मी बसते."

मी आत आले, दार लावून घेतलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "मशीन थंड होऊ दे, मी रबर काढून बघते. त्याआधी हत्यारांच्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही. लावायचा असेल तर मला बाजूला ओढून लावा." डॉक्टर बडगुजरांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. "मी पोहे खाऊन येतो," म्हणाले आणि निघून गेले. त्यांनी मला पाठिंबा दिला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी त्यांनी खाल्लेल्या पोह्यांची मी ऋणी आहे.

दाराचं गोल रबर खाचेतून काढायला बोटांत जोर लागतो. सुशीलाने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या बाजूने. रबर निघालं. खाचेत तूप थिजलेलं, त्यात कुंकू, आणि त्या लगद्यात रुतून बसलेला तांदळाचा एक दाणा. अक्षता. त्या दाण्याने रबर केसाएवढं उचललं गेलं होतं. तिथून हवा आत शिरत होती. काट्यांना ती कळत नव्हती. कळली ती फक्त हवा शिजवणाऱ्या बाईला.

खाच धुतली, रबर गरम पाण्याने धुऊन कोरडं करून बसवलं, आणि फेरा लावला. रिकामाच. पुराणिक बाहेरून दार वाजवत होते, "पाहुणे आले, आता तरी!" बाहेर भाषणं झाली, फीत कापली, आणि पाहुणे म्हातारीशिवायच फोटो काढून गेले. पुडकं उलगडलं तेव्हा सुशीलाने डोळे मिटून घेतले होते. मी म्हटलं, "उघड. काळा आहे."

त्यानंतर हत्यारं लावली, आणि त्यानंतर ऑपरेशनं. डॉक्टरांची गाडी चुकली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शांताबाईंची पट्टी मी सोडली. डोळा स्वच्छ. त्यांनी पापणी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. पहिली दिसले मीच. बराच वेळ माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तू तं लय म्हातारी हायस वं. आवाज तं पोरीसारखा हाय."

मग त्यांनी डबा घेऊन आलेल्या सुनेला तो उघडायला लावला. भाकरी हातात घेऊन खिडकीकडे गेल्या, उजेडात धरली, कडा चाचपली. सून पदर तोंडाशी धरून उभी. शांताबाईंनी भाकरी खाली ठेवली आणि जरा रागानेच म्हणाल्या, "जाडच तं हाय. मंग मले सांगितलं काऊन न्हई?"

"रोज सांगे ना मी," सून म्हणाली.

तर ही देवीची कृपा. माझ्या मते देवीने त्या दिवशी एवढंच केलं की आपल्या नावाने चाललेला गाढवपणा शांतपणे सहन केला. पुराणिक महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना दाणा दाखवला होता. ते म्हणाले, "असं एखाद्या वेळी होतं." आणि इतक्या वर्षांनी माइकसमोर त्यांच्या डोक्यात उरलं काय, तर पूजा. दाणा गेला, कागद गेला, पहिला फेरा गेला. राहिला माझा हातगुण.

मला खंत एवढीच की ह्या कामात यश दिसत नाही. काही झालं नाही, हेच यश. आणि जे झालं नाही त्याची गोष्ट लोक सांगू शकत नाहीत, मग ते आपली एखादी पूजा नाहीतर एखादा हात त्या जागी बसवतात. अर्णव, तुझ्या त्या मोबाइललाही हे कळणार नाही. तो केलेल्या दिवसांना टाळी देतो. मला चुकलेल्या दिवसाची भीती होती, आणि ती भीती मी मुद्दाम जपली.

सत्कार संपल्यावर चहा होता. मी कप खाली ठेवला आणि पुराणिकांना विचारलं, "आज सकाळचा कागद कुठाय?"

"कुठला कागद?"

"पहिल्या फेऱ्याचा."

ते हसले. "अहो सिस्टर, नवीन मशीन आलंय. सगळं स्वतःच चेक करतं. तो रिकामा फेरा आम्ही केव्हाच बंद केला. पुडकीही पडून असतील कुठेतरी."

"शोधून ठेवा. सकाळी येते."

"कशाला त्रास घेता? आता या वयात?"

मी शाल घडी करून पिशवीत टाकली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, केस बांधून, इतरांच्या आधी दवाखान्यात गेले. रखवालदाराने ओळखलं, दार उघडलं. पुडकं बांधलं, कपाटात मागे पडलेला कागद मधोमध ठेवला, फेरा लावला आणि स्टुलावर बसून राहिले. पुराणिक आले तेव्हा मी पुडकं उलगडत होते.

कागद कडेपासून मध्यापर्यंत सारखा काळा होता.

"बघा," पुराणिक म्हणाले, "सांगितलं होतं ना, काही नसतं. उगाच आलात."

मी हात धुतले, पुसले आणि विचारलं, "उद्या किती वाजता उघडता?"